बाईंचे तीन किल्ले

बाई गाडी कधीच डावीकडं वळवायच्या नाहीत. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, डावीकडं वळायचं तर समोरून येणाऱ्यांना आडवं जावं लागतं. डाव्या हाताचं दुकान समोर दिसत असलं तरी पुढं जाऊन उजवीकडं, परत उजवीकडं, परत उजवीकडं, असा अख्खा ब्लॉक फिरून मग त्या दुकानात. दूध आणायला जायचं तरी प्रदक्षिणा. मी एकदा विचारलं, व्हाय बाई, तर म्हणल्या, डावीकडं वळायचं म्हणजे समोरून येणारा आपल्याला बघतोय असं धरून चालायचं, आणि मी या वयापर्यंत कुणाबद्दलच असं काही धरून चाललेली नाही. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती म्हणून हसू आलं. पुढं स्वतः शिकले तेव्हा पहिल्याच डाव्या वळणाला मी एवढा वेळ थांबून राहिले की मागच्यानं हॉर्न मारला आणि मी आपली सरळ निघून गेले, मग उजवीकडं, उजवीकडं, उजवीकडं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणले, "झालं! आता तूपण?"

मिशिगनमधल्या ट्रॉयमधे आमच्या अपार्टमेंटपासून चालत जाता येईल अशी एक लायब्ररी होती, तिच्या तळघरात बाई आमच्यासारख्यांना इंग्लिश शिकवायच्या, मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी, फुकट. स्वतः शाळेतून रिटायर झालेल्या. उंच, वाळक्या, पांढरे केस पोरासारखे बारीक कापलेले, आणि बारा महिने एकच जाड हिरवा कोट. त्या कोटाच्या एका खिशात चावीचं गजराचं घड्याळ असायचं आणि दुसऱ्या खिशात उकडलेलं अंडं. घड्याळ वाजलं की क्लास संपला, मग कुणाचं वाक्य अर्धं राहिलं तरी राहिलं. अंडं फळ्याच्या कडेवर टकटक करून फोडायच्या आणि सोलता सोलता आम्हाला पास्ट टेन्स शिकवायच्या. "आय पील द एग. आय पील्ड द एग. आय ईट द एग." मग खरंच खाऊन टाकायच्या, तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, "आय एट द एग." मी अंडं खात नाही, पण पास्ट टेन्स मात्र जन्मात विसरणार नाही.

त्यांचं नाव मी कधी घेतलंच नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं होतं, तुमच्याकडं शाळेत बाईमाणूस शिकवायला असलं तर काय हाक मारता? मी घाबरत घाबरत म्हणलं, बाई. झालं, तेव्हापासून मला बाई. एक कोरियन आजोबा होते, ते सोनसेंगनिम म्हणायचे. इराकच्या एक काकू होत्या, डोक्याला रुमाल बांधणाऱ्या, त्या उस्ताझा म्हणायच्या. आणि बाईंचं काय, तर सगळ्यांना ओ द्यायच्या, पण प्रत्येकाला वेगळ्या तोऱ्यात. आजोबांना कमरेत वाकून. काकूंना छातीवर हात ठेवून. मी "बाई" म्हणलं की नाकावरचा चष्मा खाली ओढून वरून बघायच्या, अगदी आमच्या शाळेतल्या बाईंसारखं, आणि हे त्यांना कुणी शिकवलं होतं देव जाणे, मी तर नाही.

आणि कार्डं! आमच्या सगळ्यांची त्यांनी फोटो चिकटवून, प्लास्टिकमधे घालून कार्डं केली होती. वर लिहिलेलं, स्टडी अब्रॉड प्रोग्रॅम. खाली आपलं नाव, त्याखाली स्टुडंट. कारण त्यांचं म्हणणं असं, इथली कॉलेजची पोरं एक सहा महिने युरोपात जातात, त्याला स्टडी अब्रॉड म्हणतात, आईबाप चारचौघांत छाती फुगवून सांगतात. मग तुम्ही काय वेगळं केलंय? परक्या देशात आलाय, परकी भाषा शिकताय, खोलीत थंडी वाजतीय, घरचं जेवण आठवून रडताय. खरे स्टडी अब्रॉडवाले तुम्हीच. मी ते कार्ड पर्समधे कुंकवाच्या पुडीशेजारी ठेवलं. तोवर माझ्याकडं जे जे सरकारी कागद होते त्या सगळ्यांवर एकच लिहिलेलं होतं, डिपेंडंट.

गंमत म्हणजे बाई स्वतः कधीच कुठं गेल्या नव्हत्या. आमच्याकडून तासाभरात डेट्रॉइटची नदी येते, पलीकडं कॅनडा दिसतो, माणसं तिकडं जेवायला जाऊन संध्याकाळी परत येतात. बाई तिथंपण नाही. का, म्हणलं. म्हणल्या, "पुलावर चढायला डावीकडं वळावं लागतं."

आता माझं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी दहावी नापास. हे माझ्या सख्ख्या आत्याचे, पुण्याला शिकून इंजिनियर झाले, गाड्यांच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर इकडं आले, आणि घरातलीच मुलगी म्हणून मी. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या आमच्या गावातून निघाले ती सरळ मिशिगनच्या बर्फात, कडेवर दीड वर्षाची सई. मी कशाकशाला भ्यायचे ते सांगितलं तर हसाल. फोन वाजला की भ्यायचे. दारावर टकटक झाली की पोरीला घेऊन बाथरूममधे. फोडणी दिली की तो छताचा धुराचा अलार्म केकाटायचा म्हणून मी फोडणीच द्यायची सोडली, हे बिचारे कितीतरी महिने कच्च्या तेलाची आमटी खाल्ले. पोलिसाची गाडी लांबून दिसली तरी मला वाटायचं माझ्याचसाठी आली.

आणि त्यात सईचं झालं. ती इकडं आली तेव्हा चार शब्द बोलायची. आई, पाणी, माऊ, नको. मग एका पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी आपापलं जेवण करून आणायचं तसल्या जेवणाला, ह्यांच्या ऑफिसातल्या एकांची बायको म्हणली, "घरात मराठी बोलता का तुम्ही? अगं नको यार, मुलं कन्फ्यूज होतात, मग प्रीस्कूलमधे प्रॉब्लेम येतो. आम्ही तर फर्स्ट डेपासून फक्त इंग्लिश." तिचा मुलगा तिथं पटपट, पटपट बोलत होता, अगदी टीव्हीतल्यासारखा. ह्यांनी गाडीतच ठरवलं, आजपासून घरात मराठी बंद. चांगल्यासाठीच ठरवलं, त्यांना वाटलं आपली पोर मागं पडायला नको.

पण मला इंग्लिश येत किती होतं? कम. सिट. ईट. नो. गुड गर्ल. दिवसभर हे ऑफिसात आणि घरात आम्ही दोघी, आणि मी माझ्या पोटच्या पोरीशी कुत्र्याशी बोलावं तसं बोलत होते. गावाकडं फोन लावायचा तर मी कपड्यांच्या कपाटात शिरून, आतून दार ओढून, ह्यांच्या शर्टांमधे उभी राहून बोलायचे, तिच्या कानावर मराठी पडू नये म्हणून. आणि सईचे शब्द एकेक करून गेले. आधी माऊ गेलं. मग नको गेलं. पाणी पाहिजे असलं की माझं बोट धरून फ्रीजकडं न्यायला लागली. शेवटी आई गेलं. साडेतीन वर्षांची झाली तरी तोंडातून एक अक्षर नाही, इंग्लिश नाही आणि मराठीपण नाही, नुसती बघायची. आत्या फोनवर म्हणल्या, "पोरगी मुकी निघाली का गं? पाठव दोघींना इकडं, देवऋषाला दाखवू." आणि इकडं शाळेच्या लोकांनी तपासायला बोलावलं होतं, उन्हाळ्याच्या आत. रोज सकाळी उठले की तिच्या तोंडाकडं बघायचे. आज बोलेल का? आज?

बाईंच्या क्लासला मी सईला घेऊनच जायचे. ती टेबलाखाली बसायची. तिथं खडूचे तुकडे सापडायचे.

बाईंचा एक नियम होता. सॉरी म्हणलेलं त्यांना चालायचं नाही. कुणी सॉरी म्हणलं की त्या लगेच, "फॉर व्हॉट?" आणि उत्तर येईपर्यंत तशाच उभ्या. आम्ही सगळे सॉरीवर जगणारे. कोरियन आजोबांनी एकदा दार उघडताना सॉरी म्हणलं, तर बाई दारातच, "फॉर व्हॉट?" आजोबा विचार करकरून शेवटी म्हणले, "फॉर डोअर." बाई म्हणल्या, दार तुमचं नाही, माफी परत घ्या. आजोबांनी घेतली परत.

माझ्यावर तर हे दिवसातून किती वेळा यायचं. एकदा सईनं टेबलाखालून बाईंच्या बुटाची लेस सोडली, मी म्हणलं सॉरी बाई. "फॉर व्हॉट?" मी म्हणायला गेले फॉर शू, आणि तोंडातून निघालं, "फॉर शी नो टॉक."

बाई खाली वाकल्या, टेबलाखाली बघितलं, परत उभ्या राहिल्या.

"तू तिच्याशी काय बोलतेस?"

"इंग्लिश," मी म्हणलं. मला वाटलं शाबासकी मिळंल.

"कुठलं इंग्लिश?"

"माय इंग्लिश."

बाईंनी खिशातून घड्याळ काढलं, काटा फिरवला आणि गजर मुद्दाम वाजवला. क्लास खलास. सगळे उठले तशा म्हणल्या, बसा, क्लास संपलाय, आता जे बोलणार ते क्लासमधलं नाही. मग माझ्यापुढं खुर्ची ओढून बसल्या आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, मला सगळं कळावं म्हणून. मी तुला इंग्लिश देते ते बँकेसाठी. डॉक्टरसाठी. बससाठी. ते मी तिच्यासाठी दिलेलं नाही. ते तिला कशाला दिलंस? तिला तुझं दे.

मी म्हणलं, हजबंड नो. मराठी नो.

"तुझ्या नवऱ्याला माझ्या क्लासला पाठव, त्याला पास्ट टेन्सची गरज दिसते," म्हणल्या. इराकी काकू रुमालात तोंड घालून हसल्या. पण बाई हसत नव्हत्या. त्यांनी मला होमवर्क दिला, रोज पाच मिनिटं सईशी मराठी बोलायचं, आणि क्लासमधे आली की सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं.

मला जमलं नाही. मंगळवारी उभी राहिले, सईकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि पुढं काही येईना. गुरुवारी तेच. एवढे दिवस गिळलेलं कसं एकदम वर येणार? बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणल्या, "ठीक आहे. सहलीला बघू."

आता सहल. बाईंचा हिशोब सरळ होता. स्टडी अब्रॉडला गेलेल्या पोरांना किल्ले दाखवायला नेतात, जुने, मध्ययुगातले. तेवढी एक सहल झाली नाही तर ते स्टडी अब्रॉडच नाही. आता मिशिगनमधे कुठले आलेत मध्ययुगातले किल्ले? पण बाई दरवर्षी वसंतात चर्चची व्हॅन मागून आणायच्या आणि क्लासला घेऊन निघायच्या, किल्ले बघायला. सई झोपल्यावर ह्यांनी विचारलं, "किल्ले? इथे? कुठले किल्ले?" मी म्हणलं आय डोन्ट नो. हे म्हणले, "सईच्या टेस्टचा दिवस जवळ आलाय आणि तुला फिरायला सुचतंय." मी गेले तरीपण. का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. बाईंना नाही म्हणायची मला ह्यांच्यापेक्षा जास्त भीती वाटली असंल.

पुढं एक-दोन वर्षांनी बाई ओहायोला धाकट्या भावाकडं राहायला गेल्या. जाताना कुणाला सांगितलं नाही, फळ्यावर लिहून गेल्या, आय टॉट, पास्ट टेन्स, म्हणजे मी शिकवलं. त्यांच्या जागी एक मुलगा आला, चांगला आहे, कॉम्प्युटरवर चित्रं दाखवतो, सॉरी म्हणलं की नो प्रॉब्लेम म्हणतो. पण त्याची सहल नाही.

तर पहिला किल्ला. व्हॅन सगळी उजवीकडून उजवीकडून फिरत एका मिनी गोल्फच्या मैदानाला आली. पोरं काठीनं चेंडू ढकलतात ते. मधोमध प्लास्टरचा किल्ला, गुलाबी, एका बुरुजाचं टोक मोडून आतली जाळी दिसतेली. मैदान अजून उघडलेलंपण नव्हतं, कुंपणापलीकडून बघायचं. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघतोय, आणि बाई कोटाची सगळी बटणं लावून, जणू काही दिल्लीचा लाल किल्लाच समोर आहे अशा थाटात म्हणल्या, "थांबा. किल्ल्यात कधीच पटकन शिरायचं नाही. आधी विचारायचं, बांधणाऱ्याला भीती कुणाची होती?"

कोरियन आजोबांनी कुंपणाला नाक लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणले, "चिल्ड्रन."

"करेक्ट!" बाई एवढ्या खूष झाल्या की त्यांना खिशातलं अंडं देऊन टाकलं.

दुसरा किल्ला म्हणजे जुनं पाणी उपसायचं घर. विटांचं, वर किल्ल्यासारखे दात दात काढलेले, दाराला कुलूप. बाईंनी तरी दार वाजवलं. म्हणल्या, वाजवायचं, वाजवलं नाही तर आपण शत्रू ठरतो. भीती कुणाची होती? इराकी काकू लगेच म्हणल्या, पाणी नेणाऱ्यांची, आमच्याकडं अजून आहे. मग तिथंच गवतावर जेवलो. काकूंनी खजूर घातलेल्या बिस्किटांचा डबा उघडला, सईनं दोन्ही हातांत एकेक घेतलं, आणि बाई पायांवर पाय टाकून बोलत होत्या. म्हणल्या, धाडसी माणूस उघड्यावर झोपतो, त्याचं काही मागं उरत नाही. जगात ज्या ज्या भिंती बघायला लोक लांबून येतात त्या सगळ्या घाबरटांनी बांधलेल्या आहेत. तेव्हा घाबरणाऱ्याला कमी समजू नका.

मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरटांबद्दल कुणी चांगलं बोलताना ऐकलं.

तिसरा किल्ला खरा होता. म्हणजे तोही मध्ययुगातला नाहीच, एका श्रीमंत माणसानं पूर्वी बांधलेलं घर, पण दगडी, निम्मे दगड म्हणे जहाजातून आणलेले, आणि एका कोपऱ्यात उंच गोल बुरूज, आतून गोल गोल वर जाणारा जिना. तिकीट काढून आत सोडत होते. बाई म्हणल्या, वरपर्यंत जायचं. पुढं आजोबा, मग काकू, मग मी सईला कडेवर घेऊन, मागं बाई.

अर्ध्यात गेल्यावर माझं झालं. जिना इतका अरुंद की दोन्ही खांदे भिंतीला लागतेले, वरची माणसं वळणाआड गेलेली, खालचं दार दिसत नाही, भिंतीला बोटाएवढी एक फट, त्यातून येईल तेवढा उजेड. माझे पाय वर जाईनात, खाली जाईनात. श्वास लागला. सईनं माझी मान घट्ट धरली. मी म्हणलं सॉरी बाई, सॉरी, सॉरी, आणि पहिल्यांदाच बाईंनी फॉर व्हॉट विचारलं नाही.

"सिट," म्हणल्या. मी पायरीवर बसले. बाई खालच्या पायरीवर बसल्या, त्यांचे लांब पाय कुठं मावेनात. वर ओरडून सांगितलं, "एक्सकर्शन थांबलेलं आहे! जो जिथं आहे तिथं बसा!" वरून काकूंचा आणि आजोबांचा बसल्याचा आवाज आला.

मग मला म्हणल्या, "तू एकदा क्लासमधे सांगितलं होतंस, तुझ्या गावात किल्ला आहे. खरा."

मी मान हलवली.

"आज दिवसभर मी तुम्हाला खोटे किल्ले दाखवतेय. आता खरा दाखव."

"बाई, माय इंग्लिश..."

"तुझं इंग्लिश मला माहितीय, मीच दिलंय. त्यात नको. आणि आम्हाला नको. तिला सांग. आम्ही नुसते बसतो."

मला वाटतं अंधार होता म्हणून झालं. तिचं तोंड मला नीट दिसत नव्हतं, नुसता श्वास लागत होता गालाला. आणि भीतीनं माणूस गप्प होतं तसंच भीतीनं बडबडतंपण. मी म्हणलं, सई, ऐक. आपल्या गावाला किल्ला आहे, भुईवरचा, डोंगरावरचा नाही. भोवतीनं खंदक आहे, खंदकात उन्हाळ्यात पाणी नसतं, गवत असतं, आम्ही तिथं शेळी चारायला न्यायचो. मी एवढी होते बघ, तुझ्यापेक्षा थोडीशीच मोठी. आमच्या शेळीचं नाव चांदी. लई द्वाड. बापूंच्या धोतराचा सोगा खायची. एकदा काय झालं, मी बोरं खात बसले, आणि चांदी पडक्या भिंतीवरून चढली, चढली, चढली ती थेट बुरुजाच्या टोकावर. खाली बघते आणि ओरडते, बॅंऽऽ! मी खालून, ये गं चांदी, ये! ती वरून, बॅंऽऽ! गल्लीतली सगळी पोरं जमली. कुणी भाकरी दाखवतंय, कुणी पाला दाखवतंय. म्हातारी सगुणामाय म्हणली, शेळी गेली आता, तोफेच्या भुतानं धरली तिला...

आणि मी थांबले. कारण माझाच आवाज मला ऐकू आला. त्या दगडी बुरुजात गोल गोल फिरून परत येत होता, माझा, मराठी, मोठ्यानं. वाटलं, अगं बाई, हे काय केलं आपण.

आणि गालापाशी सई म्हणली, "मग?"

मला वाटलं भास झाला. गोष्ट ऐकताना आपल्याकडं लेकरं मधे मधे म्हणतातच, मग, मग, तसं मी लहानपणी माझ्या आईला म्हणायचे, तेच कुठूनतरी कानात वाजलं असंल.

तिनं माझी हनुवटी धरून आपल्याकडं वळवली. "मग?"

माझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी यायला लागलं, आणि ती वाट बघतीय, आणि मला आठवेना, चांदी, बुरूज, पुढं काय झालं, काहीच आठवेना.

खालून बाई म्हणल्या, "तिनं तुला काहीतरी विचारलंय. ताटकळत ठेवू नको."

बाईंना एक शब्द कळलेला नव्हता. नुसत्या सुरावरून ओळखलं.

मी म्हणलं, मग... मग कुणी काहीच केलं नाही. अंधार पडायला लागला तशी पोरं घरी गेली. चांदीला भूक लागली, आणि ती आपली आपण खाली आली. माझा बोरांचा ओचा हुंगायला लागली.

सईनं थोडा विचार केला. "मग?"

तेवढ्यात वरच्या अंधारातून कोरियन आजोबांचा आवाज आला, अगदी काळजीतला, "एक्सक्यूज मी. गोट इज ओके?" मी बॅंऽऽ केलं होतं त्यावरून त्यांना तेवढं समजलं होतं. आणि मी, मी एका दमात म्हणलं, "यस. गोट वॉज हंग्री. गोट केम डाउन." एवढं लांब इंग्लिश मी जन्मात पहिल्यांदा बोलले, आणि दोन्ही वाक्यं पास्ट टेन्समधे. बाईंनी खाली काहीतरी केलं, बहुतेक डोळे पुसले, कारण पुढं बोलल्या तेव्हा आवाज घोगरा होता. "वर जायचंय की खाली?"

मी म्हणलं, वर.

लगेच सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. शाळेच्या लोकांनी तपासलं, मग एक मुलगी आठवड्यातून दोनदा सईला बोलायचं शिकवायला यायची, वर्षभर यायची. पण तिनंच ह्यांना बसवून सांगितलं, घरात तुमचीच भाषा बोला, भरपूर बोला, इंग्लिश ती शाळेत शिकेल. आणि शिकली. आता तर माझ्या चुका काढते. पण हे सगळं नंतर. त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. त्या दिवशी व्हॅनमधे नुसतं मग, मग, मग. चांदीला मी विहिरीत पाडली, बाहेर काढली, तिला दोन करडं झाली, तिचं लग्नपण लावलं. करडं आधी आणि लग्न नंतर झालं ते सईच्या लक्षात आलं नाही, इराकी काकूंना मी खुणेनं सांगितलं तर त्या हसून हसून सीटवरून घसरल्या.

बाईंनी सगळ्यांना आधी सोडलं, आम्हाला शेवटी. आमचं घर तळमजल्यावर, दार पार्किंगवरच उघडतं. मी बेल वाजवली. ह्यांनी दार उघडलं, हातात सईच्या तपासणीचेच काहीतरी कागद होते, तोंडावर दिवसभराची काळजी. खाली वाकून रोजच्यासारखं म्हणले, "हाय बेटा! डिड यू हॅव फन?"

सईनं त्यांच्याकडं बघितलं. मग मोठ्यानं, अगदी मान वर करून म्हणली, "बॅंऽऽ! चांदी वर."

हे तसेच वाकलेले. माझ्याकडं बघितलं. ते हळूच उंबऱ्यातच खाली बसले, चपलांवर, कागद खाली पडले, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आपल्या पोरीशी मराठीत बोलले.

"कुठली चांदी गं?"

सईनं त्यांच्या मांडीवर चढून सांगायला सुरुवात केली, अर्धे शब्द, अर्धे हात, मधे मधे शेळी. हे प्रत्येक वेळी, "हं... हं... मग?" मी भिंतीला टेकून उभी.

मग लक्षात आलं, मागं व्हॅनचं इंजिन चालूच आहे. वळून बघितलं. बाई गेल्या नव्हत्या. काच खाली करून, कोपर बाहेर टेकवून, एकही अक्षर कळत नसताना, ती सगळी गोष्ट ऐकत बसल्या होत्या.